पडताळणी करणाऱ्यांची पडताळणी

उरण तालुक्यातील जासईच्या एखाद्या तरुणाला न्हावा-शेवा बंदरात, अथवा त्या बंदराच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या गोदामांत नोकरी हवी असेल, तर त्याला बहुधा प्रथम पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. तो कोण, कोठे राहतो, त्याच्या नावावर एखादा गुन्हा नोंदलेला आहे काय, याची पडताळणी होते आणि मगच चारित्र्याचा दाखला त्याच्या हाती पडतो. पारपत्राच्या बाबतीतही हेच घडते. यात तत्त्वतः गैर काही नाही. बंदर हे संवेदनशील ठिकाण आहे आणि तेथे शिरणारा माणूस कोण आहे हे राज्यसंस्थेला ठाऊक असले पाहिजे. तथापि, ज्या परिसरातील दोन पिढ्या जमिनीच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरल्या, तेथे मोर्चातील जमावबंदीचा एखादा जुना गुन्हाही या दाखल्याच्या आड येऊ शकतो, आणि तो तरुण वर्षानुवर्षे न्यायालयाच्या तारखांकडे डोळे लावून बसतो. नागरिकाच्या चारित्र्याविषयी राज्यसंस्था इतकी दक्ष आहे. ज्यांच्या हातांनी ती ही दक्षता अमलात आणते, त्यांच्या स्वतःच्या चारित्र्याविषयी ती कितपत दक्ष असते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार जासईकरांना इतरांहून काकणभर अधिकच आहे.

जासई हे दि. बा. पाटील यांचे गाव. नवी मुंबईसाठी जमिनी जाणार असतील तर त्या जमिनींवर होणाऱ्या विकासात शेतकऱ्याचाही वाटा असला पाहिजे, एकरकमी मोबदल्यावर त्याची बोळवण करता कामा नये, ही भूमिका घेऊन त्यांनी जो लढा उभारला, त्याने १६ जानेवारी १९८४ रोजी रक्त पाहिले. त्या दिवशी जासईजवळच्या दास्तान फाट्यावर पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी पागोटे येथे आणखी तिघे. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे जे तत्त्व पुढे शासनाला मान्य करावे लागले, त्याची किंमत या पाच जणांनी मोजली. याच तालुक्यातील चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. परंतु तो परकीयांचा अंमल होता, आणि त्याच्याकडून हिशेबाची अपेक्षा कोणी धरली नव्हती. १९८४ साली सरकार आपले होते.

येथे एका विस्मृत कागदाची आठवण करून देणे भाग आहे. आणीबाणीनंतर, १९७७ साली, धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. त्याचा पहिला अहवाल १९७९ च्या प्रारंभी आला आणि त्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी कोणी व कशी करावी याचा सविस्तर ऊहापोह होता. तीन प्रसंगी न्यायालयीन चौकशी सक्तीची करावी, असे आयोगाने स्पष्टपणे सांगितले होते : पोलीस कोठडीत स्त्रीवर बलात्कार झाल्याचा आरोप असेल तेव्हा, कोठडीत मृत्यू वा गंभीर दुखापत झाली असेल तेव्हा, आणि बेकायदा जमाव पांगविण्यासाठी केलेल्या गोळीबारात दोन अथवा अधिक माणसे मेली असतील तेव्हा. दास्तान फाट्यावर पहिल्याच दिवशी दोन माणसे मेली. आयोगाची शिफारस तेव्हा पाच वर्षांची जुनी होती आणि दिल्लीतील कपाटात सुखरूप होती. त्या तीनपैकी कोठडीतील मृत्यू आणि कोठडीतील बलात्कार यांची न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी सक्तीची करणारी दुरुस्ती फौजदारी प्रक्रिया संहितेत झाली ती २००५ साली, म्हणजे सव्वीस वर्षांनी. जमावावरील गोळीबाराला त्या कलमात स्थान मिळाले नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही ते मिळालेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातील चकमकींच्या प्रकरणात पोलीस गोळीबारातील प्रत्येक मृत्यूची दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी करण्याचा दंडक घालून दिला, हे खरे. पण कायदेमंडळाने आपण होऊन करावयाची गोष्ट न्यायालयाला करावी लागली, यातच सारे आले.

गोळीबाराची गोष्ट निराळी आणि एखाद्या पोलिसाच्या व्यक्तिगत दुर्वर्तनाची निराळी, असे कोणी म्हणेल. वरवर पाहता तसे आहेही. दास्तान फाट्यावर शिपायाने घोडा दाबला तो हुकमाने. ठाण्याच्या मागच्या खोलीत जो पट्टा उगारतो त्याला हुकूम लागत नाही. परंतु दोन्ही ठिकाणी एकच उणीव आहे. अधिकार वापरल्यानंतर तो कसा वापरला याची नोंद अशा ठिकाणी होत नाही, की जेथून ती त्या माणसाच्या पुढच्या वाटचालीवर परिणाम करील. मरणाऱ्यांची नावे स्मारकावर कोरली जातात. मारणाऱ्यांच्या सेवापुस्तकात त्या दिवसाविषयी काय लिहिले गेले, हे कोणी विचारीत नाही.

पोलिसात माणूस घेताना आपण काय पाहतो? महाराष्ट्रात शिपायाच्या भरतीसाठी ५० गुणांची मैदानी चाचणी असते आणि १०० गुणांची लेखी परीक्षा. धावणे, गोळाफेक, अंकगणित, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. या दीडशे गुणांत स्वभावाला एकही गुण नाही. दुर्बळ माणूस समोर आला असता याचा हात उचलला जातो की आवरला जातो, स्त्री तक्रार घेऊन आली असता याच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे पाहण्याची कोणतीही सोय नाही. निवड झाल्यावर त्याच्याही चारित्र्याची पडताळणी होते, पण ती अशी, की गावच्या ठाण्याने त्याच्या नावावर गुन्हा नाही एवढे लिहून द्यावे. विशीतल्या पोराच्या नावावर गुन्हा नसणे ही काही मोठी कमाई नव्हे. खरी परीक्षा अंगावर गणवेश चढल्यानंतर सुरू होते, आणि नेमकी त्या क्षणी आपली पडताळणी संपते. पुढची तीसपस्तीस वर्षे वरिष्ठाने लिहिलेला गोपनीय अहवाल हेच काय ते त्याचे मोजमाप. तो वरिष्ठही त्याच ठाण्यातून वर आलेला असतो, आणि हाताखालच्या माणसाने ‘निकाल’ दिले की मार्गाची फारशी विचारपूस न करण्याची सवय त्यालाही जडलेली असते.

याचा परिणाम काय होतो, हे पाहण्यासाठी जासईहून फार दूर जाण्याचे कारण नाही. पनवेलच्या सत्र न्यायालयाने २०२५ च्या एप्रिलमध्ये अभय कुरुंदकर या पोलीस निरीक्षकाला जन्मठेप ठोठावली. नवी मुंबई पोलीस दलात असलेल्या सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे यांचा ११ एप्रिल २०१६ रोजी खून केल्याचा गुन्हा त्याच्यावर शाबीत झाला. मृतदेहाचे तुकडे करून ते खाडीत टाकण्यात आले, आणि तो अखेरपर्यंत सापडला नाही. पुरावा नाहीसा करण्यास हातभार लावणाऱ्या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली. आणखी एक आरोपी निर्दोष सुटला.

या प्रकरणातील क्रौर्याविषयी वृत्तपत्रांनी त्या वेळी पुष्कळ लिहिले. आमच्या मते त्यातील खरा विचार करण्याजोगा भाग क्रौर्याचा नसून तारखांचा आहे. खून एप्रिल २०१६ चा. एक पोलीस अधिकारी नाहीशी झाली आहे, तिचे अमुक एका अधिकाऱ्याशी संबंध होते आणि त्याच्यावर आमचा संशय आहे, असे पती आणि भाऊ ठिकठिकाणी सांगत होते. अपहरणाचा गुन्हा नोंदला जाण्यास २०१७ उजाडले. कुरुंदकरला अटक झाली २०१७ च्या डिसेंबरमध्ये. आणि खून व अटक यांच्या मध्ये, २०१७ सालीच, त्याला राष्ट्रपतींचे पोलीस पदक मिळाले. निकालाच्या वेळी न्यायालयानेही विचारले, की अशा माणसाच्या नावाची शिफारस झाली तरी कशी?

प्रश्न बिनतोड आहे, आणि त्याचे उत्तर एखाद्या दुष्ट कारस्थानात शोधण्याचे कारण नाही. उत्तर बहुधा साधे आणि म्हणूनच अधिक भयावह आहे. पदकाची शिफारस करणाऱ्या मेजावर जो कागद येतो त्यात बक्षिसे असतात, उकललेले गुन्हे असतात, ‘सेवापट निष्कलंक’ असा शेरा असतो. बेपत्ता पत्नीविषयी एका पतीने दिलेला अर्ज त्या मेजावर येत नाही. तो दुसऱ्या कार्यालयात, दुसऱ्या फायलीत, ‘चौकशी चालू’ या शेऱ्याखाली पडून असतो. दोन फायली एकमेकींना भेटत नाहीत आणि त्या भेटाव्यात अशी तजवीज करणे हे कोणाचेच काम नाही. बिद्रे-गोरे स्वतः पोलीस होत्या. खात्याच्या वाटा त्यांच्या सहकाऱ्यांना ठाऊक होत्या, कुटुंब चिवट होते, उच्च न्यायालयापर्यंत गेले. तरीही इतका काळ लागला. ज्या कुटुंबाला अर्ज कोणाच्या नावे लिहावा हेही ठाऊक नसते, त्याची कथा काय होत असेल!

दुसरे उदाहरण मुंबईचे. घाटकोपरच्या स्फोटप्रकरणी पकडलेला ख्वाजा युनूस हा तरुण २००३ च्या जानेवारीत पोलिसांच्या ताब्यातून ‘पळून गेला’ असे सांगण्यात आले. तो कोठडीतच मरण पावला असा निष्कर्ष पुढील तपासात निघाला. त्या प्रकरणी सचिन वाझे यांच्यासह काही पोलीस २००४ साली निलंबित झाले. मधल्या काळात वाझे यांनी राजीनामा दिला, तो मंजूर झाला नाही, एका राजकीय पक्षात त्यांचा प्रवेशही झाला. खटला मात्र रेंगाळतच राहिला. आणि २०२० च्या जूनमध्ये, साथीच्या दिवसांत मनुष्यबळ अपुरे पडते हे कारण पुढे करून, आढावा समितीने त्यांना पुन्हा सेवेत घेतले. नुसते घेतले नाही, तर गुन्हे शाखेत महत्त्वाच्या जागी बसविले. १३ मार्च २०२१ रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना स्फोटके ठेवल्याच्या आरोपावरून अटक केली, आणि मे महिन्यात ते बडतर्फ झाले. त्या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. येथे तो आपला विषय नाही. विषय आहे तो आढावा समितीचा. कोठडीतील मृत्यूचा खटला डोक्यावर असलेल्या माणसाला सोळा वर्षांनी गणवेश परत देताना त्या तरुणाच्या आईला काय वाटेल, हे कोणी विचारले काय?

बडतर्फीची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदातील ज्या पोटकलमाखाली विभागीय चौकशी न करताही सेवकाला काढता येते, तेच पोटकलम येथे वापरण्यात आले. म्हणजे सोळा वर्षे जी यंत्रणा चौकशी पुरी करू शकली नाही, तिने दोन महिन्यांत चौकशीवाचून निकाल दिला. अधिकार अपुरे आहेत असे मग कसे म्हणावे? प्रकरण आपल्या अंगावर शेकेपर्यंत अधिकार वापरायचे नाहीत आणि शेकू लागताच रीतभातही गुंडाळून ठेवायची, हा आपला शिरस्ता झाला आहे. पोलिसावरही यात अन्यायच होतो. आरोप खोटा असेल तर त्याला सोळा वर्षे टांगून ठेवणे हा जुलूम आहे.

हा न्यायाचा मुद्दा पोलिसांच्या बाजूने नेहमी मांडला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्यावर हात टाकावा त्याने तक्रार करावी, हा पोलिसाच्या नोकरीचा भागच आहे. वाळूचा, भंगाराचा, जमिनीच्या दलालीचा धंदा जेथे तेजीत आहे अशा आपल्या पट्ट्यात प्रामाणिक ठाणे अंमलदाराविरुद्धच अर्जांचा ढीग पडू शकतो. अर्ज आला की माणूस वाईट, असे सूत्र लावले तर कोणीही कोणाला अटक करणार नाही. शिवाय बारा-बारा तासांचे काम, बंदोबस्ताची अखंड धावपळ आणि गळकी निवासस्थाने यांनी पिचलेल्या शिपायाकडून संतवृत्तीची अपेक्षा करण्याचा आपल्याला कितपत हक्क आहे?

ज्या देशाकडून आपण पोलिसाचा कायदा उचलला, तेथेही हा पेच सुटलेला नाही. लंडनच्या महानगर पोलीस दलातील वेन कझिन्स या शिपायाने २०२१ च्या मार्चमध्ये साथीच्या नियमांचा बहाणा करून, आपले ओळखपत्र दाखवून एका तरुणीला ‘अटक’ केली आणि तिच्यावर बलात्कार करून तिचा खून केला. त्याच दलातील डेव्हिड कॅरिक २००१ साली भरती झाला. २०१७ साली त्याची फेरपडताळणी झाली आणि तीतून तो बिनदिक्कत पार पडला. अनेक बलात्कारांबद्दल त्याला जन्मठेप झाली ती २०२३ साली. फेरपडताळणीचा नुसता नियम असून भागत नाही, हा त्यातला एक धडा. दुसरा धडा उलट्या बाजूचा. या प्रकरणांनंतर त्या दलाने पडताळणीची मान्यताच काढून घेऊन संशयित पोलिसांना घरी पाठविण्यास आरंभ केला, तेव्हा २०२५ च्या फेब्रुवारीत तेथील उच्च न्यायालयाने तो मार्ग बेकायदा ठरविला. ज्याच्यावर आरोप आहे त्याला ते खोडून काढण्याची रास्त संधीच मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. तेथील सरकारने काही महिन्यांतच नियम बदलले, आणि मान्यता टिकविणे ही नोकरीची अट केली. म्हणजे न्यायालयाने उणीव दाखविली आणि सरकारने ती भरून काढली. काही महिन्यांत! आपल्याकडचा कालक्रम याच्याशेजारी ठेवून पाहावा.

आयोगाचा अखेरचा अहवाल १९८१ चा. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्याच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे असावीत, आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असा आदेश त्यात होता. महाराष्ट्राने कायदा केला २०१४ साली. महाराष्ट्राचे नाव मिळालेल्या १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आले. कोठडीतील मृत्यू, बेकायदा अटक, खंडणी, इतकेच काय, जमीन वा घर बळकावणे या तक्रारीही त्याच्या कक्षेत आहेत. रायगडसारख्या जिल्ह्यात या शेवटच्या शब्दांचे महत्त्व सांगावयास नको.

पण आदेश जिल्ह्याचा होता आणि कायद्यात विभाग आला. कोकण विभाग म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची सारी किनारपट्टी. दोडामार्गच्या माणसाने ठाण्यातील मारहाणीची तक्रार घेऊन या सबंध पट्ट्यासाठीच्या एका मेजापर्यंत जावे, अशी ही सोय आहे. प्राधिकरणाने चौकशी करावी, अहवाल द्यावा आणि प्रत्यक्ष कारवाई अन्यत्र व्हावी, ही रचना तर त्याहून दुबळी. आदेशातील ‘बंधनकारक’ या शब्दाचा जीव तेथेच जातो. आणि सामान्य माणसाला हे प्राधिकरण अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही. ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर हरवलेल्या माणसांची चित्रे असतात, वरिष्ठांचे दूरध्वनी क्रमांक असतात. या प्राधिकरणाचा पत्ता तितक्याच ठळकपणे तेथे असावयास हवा.

नवा कायदा एका बाबतीत पुढे गेला आहे, हे मान्य केले पाहिजे. सरकारी सेवकावर खटला भरण्यास लागणाऱ्या मंजुरीवर पूर्वी शासन वाटेल तितकी वर्षे बसू शकत असे. आता १२० दिवसांत निर्णय न दिल्यास मंजुरी मिळाली असेच समजले जाते. मुदतीचे हे तत्त्व खटल्यापुरते का असावे? निलंबित पोलिसाच्या विभागीय चौकशीलाही ते लागू व्हावे. म्हणजे निर्दोष माणूस सोळा वर्षे लोंबकळणार नाही आणि दोषी माणसाला सोळा वर्षांनी मागच्या दाराने आत येता येणार नाही.

पडताळणीची फार मोठी यंत्रणाही त्यासाठी उभारावी लागेल असे नाही. पोलिसाच्या सेवाकाळात काही वळणे ठरलेली असतात : ठाण्याचा प्रमुख म्हणून पहिली नेमणूक, गुन्हे शाखेत प्रवेश, निलंबनानंतरचे पुनरागमन, पदक. या चार वळणांवर तरी त्याच्याविरुद्धची प्रत्येक तक्रार, ती फेटाळली गेली असल्यास का आणि कोणी फेटाळली याच्या नोंदीसह, खात्याबाहेरच्या माणसाच्या डोळ्यांखालून जावी. त्या पोलिसालाही आपले म्हणणे मांडता यावे. आणि निर्णयाची कारणे लेखी असावीत. तक्रारींची संख्या पाहू नये, त्यांचा आकृतिबंध पाहावा. वाळूवाल्यांचे दहा अर्ज आणि वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या तीन स्त्रियांचे तीन अर्ज, यांतील फरक अनुभवी न्यायाधीशाला तासाभरात कळतो. अशा न्यायाधीशाची नेमणूक करण्याची तरतूद कायद्यात आहेच.

राष्ट्रपतींच्या पोलीस पदकांच्या याद्या दरवर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात, आणि पोलीस महासंचालकांची सन्मानचिन्हे १ मे रोजी. राज्याकडून जाणाऱ्या प्रत्येक शिफारशीसोबत तक्रार प्राधिकरणाचा दाखला जोडलेला असावा, हे गृहखात्याला एका परिपत्रकाने करता येईल. त्याला विधिमंडळाची गरज नाही, खर्चही नाही. जासईच्या तरुणाकडे गोदामातल्या नोकरीसाठी जो कागद आपण मागतो, तोच हा कागद आहे.